टल्सा येथील गिलक्रीस संग्रह

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा नगरीत जे गिलक्रीस वस्तुसंग्रहालय आहे, त्याची ख्याती मुख्यतः पश्चिमेकडील प्रदेशाच्या चित्रांमुळे पसरली असली, तरी त्याचे थोर महत्त्व, माझ्या मते, भिंतींवरील चित्रांहून दफ्तरात जतन केलेल्या कागदपत्रांत अधिक आहे. आणि हा सारा संग्रह ज्या द्रव्यातून उभा राहिला, त्या द्रव्याचा उगमही जमिनीच्या एका सरकारी वाटणीत आहे.

संग्राहक टॉमस गिलक्रीस यांचा जन्म १८९० साली लुइझियानात झाला. आईच्या बाजूने ते मस्कोगी, म्हणजेच क्रीक, या मूळनिवासी राष्ट्राचे. १८३० नंतरच्या दशकात अलाबामा व जॉर्जियातील पिढीजात भूमीतून हुसकावले गेलेले हे लोक मिसिसिपीच्या पश्चिमेस येऊन वसले होते. परंतु तेथील त्यांची सामाईक जमीनही शतकाच्या अखेरीस सरकारने मोजून, तिचे तुकडे पाडून, सरकारी यादीत ज्याचे नाव चढले त्याच्या त्याच्या खाती टाकली. राष्ट्राची मिरास मोडून काढणाऱ्या या वाटणीत बालवयातील टॉमसच्या हिश्श्यास १६० एकर आले. १९०५ साली टल्साच्या दक्षिणेस ग्लेन पूल येथे तेल लागले, त्याच क्षेत्रात ही जमीन होती, आणि मुलगा वयात येण्यापूर्वीच धनवान झाला.

या संपत्तीतून त्यांनी रेमिंग्टन, रसेल, मोरान, बियरस्टाट, कॅटलिन अशा चित्रकारांच्या कृती जमविल्या, उत्खननांत सापडलेल्या प्राचीन वस्तू घेतल्या, आणि वुडी क्रंबो, एसी ब्लू ईगल, विलर्ड स्टोन या मूळनिवासी परंपरेतील कलावंतांना आश्रयही दिला. हा आश्रय मला विशेष मोलाचा वाटतो. कारण ज्यांची चित्रे इतरांनी काढली, त्यांनी स्वतः काढलेली चित्रेही त्याच छताखाली आली.

कागदपत्रांची थोरवी याहून निराळी. ख्रिस्तोफर कोलंबसाचा पुत्र दिएगो याने १५१२ साली नव्या जगातून लिहिलेले पत्र येथे आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, फ्रान्समधील अमेरिकन वकील बेंजामिन फ्रँकलिन व सायलस डीन यांनी साक्षांकित केलेली प्रत येथे आहे. आणि चेरोकी राष्ट्राचे प्रमुख जॉन रॉस यांचे कागदही येथेच आहेत. १८३५ साली न्यू एकोटा येथे मूठभर चेरोकींनी, राष्ट्राच्या सरकारचा अधिकार नसताना, सारी मायभूमी सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या. रॉस यांनी त्याविरुद्ध सहस्रावधी सह्यांचे अर्ज वॉशिंग्टनला गुदरले, तरी सेनेटने तह मंजूर केला, आणि १८३८-३९ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडे हाकलले गेलेले हजारो लोक वाटेत मृत्युमुखी पडले, त्यांत रॉस यांची पत्नीही होती. मनुष्यमात्राच्या समानतेची ग्वाही देणारा जाहीरनामा आणि त्याच राज्यसत्तेपुढे न्याय मागून निराश झालेल्या राष्ट्रप्रमुखाचे दफ्तर एकाच संस्थेत असणे, ही अभ्यासकाला लाभलेली अपूर्व संधी आहे: वादी व प्रतिवादी दोघांचेही कागद येथे एकत्र वाचता येतात.

१९४९ साली गिलक्रीस यांनी टल्सात आपले संग्रहालय उघडले. परंतु खरेदीचा वेग तेलाच्या उत्पन्नापुढे धावू लागला, आणि १९५४ च्या सुमारास कर्जापायी सारा संग्रह परगावी विकला जाण्याचा प्रसंग आला. तेव्हा नगरवासीयांनी त्याच वर्षीच्या मतदानात, तीनास एक अशा बहुमताने, २२,५०,००० डॉलरांचे कर्जरोखे काढून ते देणे फेडण्यास मंजुरी दिली. गिलक्रीस यांनी १९५५ साली संग्रह नगराच्या नावे करून दिला, १९५८ साली इमारत व भोवतालची जमीनही दिली, आणि कर्जरोख्यांची रक्कम नगराला परत मिळेपर्यंत आपल्या तेलाचे उत्पन्न त्याकडे लावून दिले. १९६२ साली त्यांचे निधन झाले, तोवर संग्रहाची मालकी टल्साच्या नागरिकांकडे गेलेली होती.