नवोदयाची प्रवेशपरीक्षा
नाशिक जिल्ह्यांतील जवाहर नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यांत खेडगांव येथें आहे. शिक्षण, निवास व भोजन मोफत. सहावीच्या जागा मात्र फार तर ८०. अशीं पहिलीं दोन विद्यालयें १९८५-८६ सालीं झज्जर व अमरावती येथें निघालीं, तीं मुख्यतः खेड्यांतील हुषार मुलांकरितां. म्हणून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण. तिसरी ते पांचवीपर्यंत जो एक दिवसही शहरी शाळेंत शिकला, तो शहरीच गणला जातो. नियम जाचक खरा. पण राहणें शहरांत आणि नांव खेड्याच्या पटावर, ही पळवाट अडवावी कशी? दाखल्यावर सही करणाऱ्या मुख्याध्यापकानेंच डोळेझाक केली, तर परीक्षागृहांतील पहारा काय कामाचा! जागा जाते ती सुरगाण्याच्या एखाद्या मुलीची, आणि सहावीची ही परीक्षा तिला दुसऱ्यांदा देतां येत नाहीं.