मासिक पाळी का लांबते?

मासिक पाळी अपेक्षित दिवशी आली नाही की मनात चिंता शिरते. विवाहितेच्या घरी तर्क सुरू होतात. शाळकरी मुलगी भीतीने गप्प राहते, आणि कित्येकदा तिच्यावर नाहक संशयही घेतला जातो. वास्तविक अठ्ठावीस दिवसांचा हिशेब ही केवळ ढोबळ सरासरी आहे. पाळीला उशीर होतो तेव्हा शरीरात नेमके काय लांबते, हे एकदा समजले म्हणजे या भीतीचा बराचसा भाग नाहीसा होतो.

या कोड्याचा उलगडा जपानमधील निइगाता शहरी झाला. तेथील ताकेयामा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो हे शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशयांचे निरीक्षण करीत आणि त्याची रुग्ण स्त्रीच्या पाळीच्या तारखांशी सांगड घालीत. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागील पाळीपासून मोजण्याची त्या काळी रीत होती. परंतु अशा मोजणीत मेळ बसत नसे. ओगिनो यांनी मोजणीची दिशा उलटी केली. स्त्रीबीज पुढील पाळीच्या सुमारे १२ ते १६ दिवस आधी बाहेर पडते, असे त्यांनी १९२४ मध्ये प्रतिपादन केले. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस हेही त्याच दशकात स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत पोचले.

याचे कारण ऋतुचक्राच्या रचनेत आहे. चक्राच्या पूर्वार्धात अंडाशयातील एक पुटक, म्हणजे स्त्रीबीज धारण करणारी सूक्ष्म पिशवी, वाढू लागते. तिच्यातून स्रवणाऱ्या ईस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. पुटक फुटून बीज बाहेर पडले की मागे उरलेल्या भागाचा पीतपिंड बनतो. त्यातून निघणारे प्रोजेस्टेरॉन ते अस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड निकामी होतो, अस्तर गळू लागते व पाळी येते. पीतपिंडाचे आयुष्य थोडेफार कमीअधिक होते. पुटक पक्व होण्यास लागणारा काळ मात्र पुष्कळच बदलतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा लाखांहून अधिक चक्रांच्या अभ्यासात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस आढळली. त्यांपैकी पूर्वार्ध १६.९ दिवसांचा, तर उत्तरार्ध १२.४ दिवसांचा होता.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पाळी आठवडाभर उशिरा आली, तर बहुधा बीजच आठवडाभर उशिरा सुटलेले असते. आजच्या विलंबाचे कारण दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या तापात, परीक्षेच्या जागरणात किंवा उपासमारीत दडलेले असू शकते.

शरीरावरील असा ताण अंडाशयापर्यंत पोचतो तो मेंदूच्या द्वारे. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा भाग एक हॉर्मोन थांबून थांबून, ठोक्यांच्या रूपाने सोडतो. त्यामुळे पोष ग्रंथी उत्तेजित होते आणि ती अंडाशयाला चालना देते. या हॉर्मोनाची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या संशोधनाबद्दल रॉजर गिलेमिन व अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अन्नाची टंचाई, झपाट्याने घटलेले वजन, अतिश्रम, गंभीर आजार किंवा मानसिक ताण यांमुळे हे ठोके मंदावतात व पुटकाची वाढ रेंगाळते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, तेव्हा अनेक स्त्रियांची पाळी थांबली होती; पुरेसे अन्न मिळू लागल्यावर ती पूर्ववत झाली.

पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि ती कायमची थांबण्यापूर्वीच्या काळात अनियमितपणा स्वाभाविक असतो. अंगावर पाजणाऱ्या मातेची पाळीही लांबते. गळ्यातील अवटू ग्रंथीचे विकार, अंडाशयात अनेक पुटके अर्धवट वाढून राहणारा विकार आणि काही औषधे हीही कारणे असतात.

गर्भधारणेचा प्रकार मात्र वेगळा. येथे उत्तरार्धच लांबतो. कारण रुजलेल्या गर्भापासून येणारे हॉर्मोन पीतपिंडाला जिवंत ठेवते. मूत्रतपासणीत हेच हॉर्मोन शोधले जाते. म्हणून गर्भाची शक्यता असल्यास प्रथम ही तपासणी करावी. ती नकारार्थी येऊनही पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा करावी, कारण बीज उशिरा सुटले असेल तर हॉर्मोनही उशिराच दिसते. ओगिनो यांचा नियम वापरून ‘सुरक्षित दिवस’ ठरविणे बेभरवशाचे आहे, तेही याच कारणाने: पुढील पाळीची तारीख ती येईपर्यंत कोणास ठाऊक नसते.

तीन महिने पाळी आली नाही, प्रौढ स्त्रीचे चक्र वारंवार ३५ दिवसांहून अधिक लांबू लागले, किंवा वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात तीव्र वेदना होऊन भोवळ आल्यास क्षणभरही विलंब करू नये. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजल्याचे ते लक्षण असू शकते. पाळी ‘आणण्या’साठी मनाने गोळ्या घेणे धोक्याचे आहे.

प्रत्येक मुलीने पाळीच्या तारखा एका वहीत टिपून ठेवाव्यात. काही महिन्यांच्या नोंदींवरून स्वतःच्या चक्राची चाल तिला कळू लागते. आणि कधी डॉक्टरांकडे जावे लागलेच, तर तीच वही निदानाच्या कामी येते.