रॅमची पट्टी जरा उजेडात धरून बघा

काल भाच्याचा पीसी उघडला. पंखे फिरत होते, पण स्क्रीन काळीच. रॅमची पट्टी काढून उजेडात धरली, तर खालच्या सोनेरी पिनांवर काळसर डाग. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली, वाळू दिली, परत बसवली. पीसी सुरू!

खोडरबर मात्र घासू नका. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो.

आता डीडीआर ४ ची पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरा. खालची कड सरळ नाही, मधे किंचित फुगीर आहे. २८८ पिना एकदम स्लॉटमध्ये दाबायच्या तर जोर फार लागतो. या बाकामुळे त्या टप्प्याटप्प्याने आत जातात. मला ही कारागिरी फार आवडते!

डीडीआर ५ लाही पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे जुन्या बोर्डात ती बसतच नाही. व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आलं आणि वीज सांभाळणारी चिप मदरबोर्डवरून थेट पट्टीवर आली.

तुमच्या पट्टीबद्दल काही शंका असेल तर फोटो टाका, नक्की सांगतो.