मोतीबिंदू काढला, तरी अंधूक का?

लखनौचे मानक नगर ही रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेची वसाहत. मानक म्हणजे प्रमाण. गाडी प्रमाणाप्रमाणे धावेना, तर रूळ, चाक, सिग्नल ह्यांपैकी दोष कोठे आहे हे एकेक करून तपासावे लागते. परंतु घरातील आजोबांना मोतीबिंदू काढूनही नीट दिसेना, की मानक नगरात काय आणि आपल्या गावी काय, “शस्त्रक्रिया फसली” एवढे म्हणून सारे स्वस्थ बसतात.

वस्तुतः मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा दोष. भिंग बदलले, तरी डोळ्याचे बाकीचे भाग जुनेच राहतात. नव्या भिंगातही चूक संभवते. १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडले ह्यांनी पहिले कृत्रिम भिंग बसविले, तेव्हा त्याची शक्ती फार अधिक ठरली व रुग्णाला दूरचे अंधूकच दिसू लागले. आज डोळ्याची लांबी व वक्रता मोजून भिंग निवडतात. तरी थोडा नंबर उरलाच, तर तो चष्म्याने भागतो.

दोष ओळखण्यास काळाचे साहाय्य होते. पहिल्या दिवसांतील धूसरपणा बहुधा बुबुळापुढील पारदर्शक पटलाच्या सुजेमुळे असतो. ती हळूहळू ओसरते. महिना-दीड महिन्याने अक्षरे वाकडी वा फिकी दिसू लागली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आलेली असू शकते. औषधाच्या थेंबांनी ती प्रायः उतरते. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धुके दाटले, की लोक म्हणतात, मोतीबिंदू परतला. तो परतत नाही. नवे भिंग मूळच्याच पातळ पिशवीत ठेवलेले असते. उरल्यासुरल्या पेशी वाढून तिचा मागील पापुद्रा गढूळ होतो. लेसर किरणांनी त्यात मधोमध वाट करून देणे, हे काही मिनिटांचे काम आहे.

काचबिंदूने दृष्टीची नस किंवा मधुमेहाने दृष्टिपटल आधीच क्षीण झाले असेल, तर मात्र नुसत्या नव्या भिंगाने ती हानी भरून येत नाही. दाट मोतीबिंदूआड असा दोष पुष्कळदा लपून राहतो.

दोन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागून लाल झाला व दृष्टी उतरू लागली, तर आत जंतूंचा शिरकाव झालेला असू शकतो. प्रकाशाच्या चकमकी दिसून काळा पडदा सरकू लागला, तर दृष्टिपटल सुटत असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. “उद्या पाहू” म्हणण्यात डोळा कायमचा जाऊ शकतो.