अंडाशयाचा कर्करोग आणि निरोगी स्त्रियांची तपासणी

रोग लवकर हुडकला म्हणजे रोगी वांचतो, ही समजूत इतकी रूढ आहे कीं, तिला पुरावा मागण्याचें कुणाच्या मनांतही येत नाहीं. आगरदांड्याची पन्नाशी उलटलेली एखादी धडधाकट गृहिणी मुंबईस लेकीकडे आली, कीं रक्ताची 'सीए १२५' परीक्षा व पोटाची सोनोग्राफी करून घेण्याचा आग्रह तिला होतो, तो याच समजुतीपायीं. तिनें तो मानावा काय?

या प्रश्नाचा सर्वांत मोठा शोध ब्रिटनमध्यें झाला. २००१ ते २००५ या काळांत ऋतुनिवृत्ति झालेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया त्यासाठीं निवडण्यांत आल्या. निम्म्यांची तपासणी दरवर्षीं होई. उरलेल्यांची मुळींच नाहीं. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. रक्तपरीक्षेनें तपासलेल्या गटांत पहिल्या अवस्थेंतील रोग सुमारें ४७ टक्के अधिक सांपडला. परंतु या रोगानें मरण पावलेल्यांचें प्रमाण सर्वच गटांत ०.६ टक्के भरलें. रोग आधीं कळला, मरण मात्र टळलें नाहीं.

केवळ निरुपयोग असता तर खर्चावर भागलें असतें. अमेरिकेंतील दुसऱ्या प्रयोगांत (२०११) मृत्यु कमी झाले नाहींतच. उलट ३,२८५ निरोगी स्त्रियांवर रोगाचा संशय आला, त्यांतील १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली व १६३ जणींना गंभीर उपद्रव झाले. 'सीए १२५' हें द्रव्य गर्भाशयांतील गांठींनीं, मासिक पाळीनें, पोटाच्या क्षयानेंही वाढतें. आणि क्षय आपल्याकडे दुर्मिळ नाहीं. एकदां संशय उभा राहिला, कीं त्याचें निवारण पुष्कळदां शस्त्राखेरीज होत नाहीं. आगरदांड्याच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे दिघीस जाऊन येण्याइतका हा फेरा सोपा नव्हे!

मग तपासणी ही गोष्टच व्यर्थ काय? तसें नाहीं. उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वर्षांच्या ज्या गटाची विषाणुपरीक्षा एकदांच करण्यांत आली, त्यांत आठ वर्षांत ३४ मृत्यु घडले. न तपासलेल्या, संख्येनें किंचित लहान अशा गटांत ६४. गर्भाशयमुख डोळ्यांस दिसतें, आणि तेथील विकार कर्करोग होण्यापूर्वीं वर्षानुवर्षें रेंगाळतो. अंडाशय खोल दडलेलें. त्याचा घातक प्रकार बहुधा अंडवाहिनीच्या टोकाशीं सूक्ष्म रूपानें उगवतो व दिसूं लागण्यापूर्वींच पसरतो.

हें सारें लक्षणें नसलेल्या स्त्रियांपुरतें. आई किंवा बहिणीस स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास तज्ज्ञाचा वेगळा सल्ला घ्यावा. पोट सतत फुगणें, दोन घांसांतच पोट भरणें, ओटीपोटांत दुखणें, वारंवार लघवीस होणें, हें कांहीं आठवडे चाललें असेल, तर त्या स्त्रीनें याच परीक्षा विनाविलंब करून घ्याव्या.