खेड्यातील मराठी शाळांसाठी विद्यार्थ्यांचा संगणक-उपक्रम : सभासदांच्या माहितीसाठी



खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत संगणक शिकविण्यास जाणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना देवस्थानच्या शिक्षणनिधीतून साहाय्य द्यावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आहे. देवाच्या पैशातून यंत्रे कशाला, असे काही ज्येष्ठ सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. म्हणून असा उपक्रम कसा चालतो आणि कोठे अडतो, हे येथे मांडीत आहोत.

विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन सेवा करावी, ही कल्पना जुनीच आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली; प्रारंभी तीत सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर ही तिची परिचित चौकट. शिबिरात बांधलेला बांध शिबिर संपल्यावरही उभा राहतो. संगणकाचे तसे नाही. शिकविणारे परतले की तो कपाटात जातो, आणि पुढील पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

जांबोटी-कणकुंबीकडील पाऊस कसा असतो, हे तिकडील सभासदांस सांगावयास नको. वीज जाते, इंटरनेटचा भरवसा नसतो. तेव्हा इंटरनेटवाचून चालेल तेच साधन तेथे उपयोगाचे. असे साधनही मुळात विद्यार्थ्यांच्याच धडपडीतून निर्माण झाले. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०१२ साली ‘केए लाइट’ ही प्रणाली तयार केली. खान अकादमीचे धडे इंटरनेटशिवाय पाहता यावेत, एवढाच हेतू. तिच्यातूनच पुढे ‘कोलिब्री’ ही विनामूल्य प्रणाली आली. शहरात एकदा धडे उतरवून घ्यावयाचे. मग शाळेतील एक लहान संगणक आपल्यापुरते बिनतारी जाळे उभे करतो आणि वर्गातील जुन्या लॅपटॉपवर ते धडे उघडतात. यासाठी ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक पुरतो. त्याला पाच व्होल्ट लागतात, म्हणजे योग्य बॅटरीवरही तो चालतो. कोलिब्रीच्या पडद्यावरील सूचना मराठीत मिळतात. धडे मात्र निवडून घ्यावे लागतात व कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तकांशी जुळवावे लागतात. खरे परिश्रम येथेच आहेत.

पण पहिला धडा कोणता असावा? आमच्या मते मराठी टंकलेखन, आणि तेही इन्स्क्रिप्ट पद्धतीने. रोमन अक्षरांतून मराठी लिहावयाचे तर चौथीच्या मुलाला आधी इंग्रजी स्पेलिंगशी झगडावे लागते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली. ‘क’ व ‘ख’ एकाच कळीवर, फक्त ‘ख’साठी शिफ्ट दाबावयाची. ‘भक्ती’ लिहिताना भ, क, हलन्त, त आणि दीर्घ वेलांटी. मूल बाराखडीत शिकते तोच हा क्रम. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेली ही मांडणी प्रमुख भारतीय लिप्यांना समान आहे. ज्या कळीवर मराठी ‘क’, तिच्यावरच कन्नड ‘क’. सीमाभागातील मुलाला पुढे अर्ज कन्नडमध्ये करावा लागला, तरी त्याची बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत. भाषेच्या वादात इतक्या पिढ्या गेलेल्या आपल्या भागात ही लहानशी सोय आम्हांस मोठी वाटते.

निगा कोणी राखावी, याचेही उत्तर मुलांपाशीच आहे. केरळात २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या गटांतून शाळेतीलच विद्यार्थी तंत्रज्ञान शिकतात, इतरांना शिकवितात व शाळेतील साधनांची काळजी घेण्यास हातभार लावतात. खानापुरातही प्रत्येक शाळेतील सातवीची दोन मुले व सहावीची दोन मुले तयार करावीत, म्हणजे सातवीची शाळेबाहेर पडली तरी काम थांबणार नाही.

म्हणून निधी एकरकमी न देता दोन वर्षांत, चार हप्त्यांनी द्यावा आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी शाळेतील यंत्रे चालू असल्याचे मुख्याध्यापकांचे पत्र घ्यावे, असे आम्ही सुचविले आहे. उद्घाटनाचा समारंभ, फलक व शाल-श्रीफळ यांवर यातील एक रुपयाही खर्च होऊ नये. यावर अंतिम निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत होईल.

जुने लॅपटॉप देऊ इच्छिणाऱ्यांनी ते चालू स्थितीतीलच द्यावेत, आपली खासगी माहिती आधी पुसून टाकावी आणि चार्जर आठवणीने सोबत आणावा.

— सचिव, विश्वस्त मंडळ