लोणारचा खड्डा कोणत्या विभागाचा?

छत्रपती संभाजीनगरहून निघून जालना, सिंदखेडराजा मागे टाकलं की पुढे लोणार येतं. काठावर उभं राहिलं की समोर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा जवळजवळ गोल खड्डा, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. अवकाशातून आलेला एक दगड इथल्या काळ्या बेसाल्टवर आदळला आणि हे विवर तयार झालं. आता याचा अभ्यास कोणी करायचा? दगड आकाशातला, म्हणून खगोलशास्त्राने? की खड्डा जमिनीत पडला, म्हणून भूशास्त्राने? बीएस्सीला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना आपण या दोन विषयांची दारं वेगवेगळी दाखवतो. भूशास्त्र एका विभागात, आणि खगोलशास्त्र भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात कुठेतरी एखाद्या ऐच्छिक पेपरपुरतं. मराठवाड्यात राहून ही वाटणी मान्य करणं मला फार अवघड जातं.

लोणारचीच गोष्ट पाहू. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हा ज्वालामुखीचाच खड्डा समजला जाई. ते स्वाभाविकही होतं, कारण चहूकडे दगड ज्वालामुखीचाच. निकाल लागला तो विवराच्या तळात विंधन घेऊन वर काढलेल्या नमुन्यांवरून. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने लोणार हे बेसाल्टमधलं आघातविवर असल्याचं मांडलं, आणि त्यातला महत्त्वाचा साक्षीदार होता मास्केलिनाइट.

हा साक्षीदार ओळखायचा कसा, हे पदवीच्या विद्यार्थ्याला समजण्यासारखं आहे. बेसाल्टचा तुकडा घासून घासून 0.03 मिलिमीटर जाडीची चकती करतात. मग त्यातून उजेड आरपार जातो. ती ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या लांबट कणांवर काळे-पांढरे पट्टे दिसतात. खालची तबकडी फिरवली की काळे पट्टे पांढरे होतात आणि पांढरे काळे. लोणारच्या काही नमुन्यांत मात्र कणाचा आकार तोच, कडा त्याच, पण तबकडी पूर्ण फिरवली तरी कण काळाच राहतो. आतली अणूंची शिस्तशीर मांडणी आघाताच्या दाबाने मोडून गेली, कण वितळून वाहिला नाही, जागच्या जागी काच झाला. एवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. असंच मास्केलिनाइट अशनींमध्येही सापडतं. काचपट्टीवरचा तो एक कण भूशास्त्राचा आणि खगोलशास्त्राचा एकाच वेळी असतो.

विवराच्या वयाचा प्रश्न तर थेट भौतिकशास्त्रात नेतो. उष्णदीप्ती पद्धतीने वय आलं सुमारे 52 हजार वर्षं. पुढे 2011 मध्ये अरगॉन पद्धतीने आलं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक! पहिल्या पद्धतीत खनिजात साठत गेलेली किरणोत्साराची ऊर्जा मोजतात. हा साठा उष्णतेने पुसला जातो आणि पुन्हा शून्यापासून भरू लागतो. दुसरीत पोटॅशियमपासून तयार होणारा अरगॉन वायू मोजतात. खडक वितळला की आधीचा वायू निसटतो. कोणतं घड्याळ कधी शून्यावर आलं आणि नंतर पुन्हा बिघडलं का, यावर उत्तर ठरतं. ज्याला अर्धायुष्याचं गणित करता येत नाही, त्याला या वादात एका बाजूचं म्हणणं पाठ करण्यापलीकडे काही करता येणार नाही. म्हणून भूशास्त्र घेणाऱ्यांनी ‘आता गणितापासून सुटलो’ असं मानू नये, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता शहराकडे येऊ. संभाजीनगर, दौलताबादचा डोंगर, वेरूळ, अजिंठा हे सगळं दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हे लाव्हारस एकामागून एक वाहिले आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक थर साचले. थराच्या मध्यभागी दगड घट्ट आणि काळा, वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांची भोकं. त्या भोकांत नंतर पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट असे स्फटिक वाढले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलेल्यांना ते आठवतील. विहीर खोदणाऱ्यांना या थरांची ओळख पुस्तकाशिवाय झालेली असते. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्यात आणि थरांच्या सांध्यात पाणी मिळतं. अखंड पाषाण लागला आणि त्याला भेगा नसल्या तर खोदकामाचे पैसे बुडाले. मलिक अंबरच्या काळात सतराव्या शतकात सुरू झालेल्या इथल्या नहरींनी याच जमिनीतलं पाणी भूमिगत वाटेने, नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणलं. मराठवाड्यातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी हिमालयाच्या वळ्या पाठ कराव्यात, पण त्याआधी गावातली एक उघडी विहीर मोजून तिचा छेद काढावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम करायचं तर हेच करावं लागतं.

आकाशाच्या अभ्यासाचीही इथे जुनी परंपरा आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटणे लागतं. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यातून कळतं की देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, सिंघण यादवाचा राजज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. साल इ. स. 1207. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा त्यांचा ग्रंथ पद्धतशीर शिकवायचा, त्यासाठी संस्था हवी आणि तिला राजाश्रय हवा, हा विचार दौलताबादच्या डोंगराभोवती आठशे वर्षांपूर्वी झाला होता.

त्या मठातला विद्यार्थी जमिनीत शंकू रोवून सावली मोजत असणारच. आजही तो प्रयोग फुकट आहे. आपलं शहर 19.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून 20 मेच्या आणि 23 जुलैच्या आसपास भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग आड येतात. मे महिना धरावा. सावली नाहीशी होण्याची वेळ घड्याळात साधारण 12 वाजून 25 मिनिटं दिसेल, बारा नाही. हा फरक का पडतो, याचा शोध घेतला की आपला रेखांश, भारतीय प्रमाणवेळ आणि पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा तिन्ही हाती लागतात. रात्री कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून ध्रुवाची उंची मोजली तर वीस अंशांच्या जवळपास येईल. एमजीएमच्या एपीजे अब्दुल कलाम अ‍ॅस्ट्रोस्पेस सायन्स सेंटरसारख्या ठिकाणी दुर्बीण मिळते, पण दुर्बिणीआधी हे दोन प्रयोग झाले पाहिजेत.

प्रवेशाचं सांगायचं तर, शहरात शासकीय विज्ञान संस्थेत भूशास्त्राचा विभाग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञान संकुल आहे. पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञान शिकता येतं. खगोलशास्त्रात मात्र आपल्याकडे सहसा भौतिकशास्त्राच्या पदवीतूनच जावं लागतं, पुढे आयुका किंवा एनसीआरए या संशोधन संस्था. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. भूशास्त्र मुख्य घेतलं तर भौतिकशास्त्र किंवा गणित दुय्यम घ्या. भौतिकशास्त्र मुख्य असेल आणि महाविद्यालयात सोय असेल तर भूशास्त्र. ती सोय नसेल तर मागणी करा, कारण विद्यार्थी मागत नाहीत म्हणून विषय दिला जात नाही आणि दिला जात नाही म्हणून कोणी मागत नाही, असं फार वर्षं चाललं आहे.

या जोडीची गरज येत्या काळात हिंगोलीतच दिसणार आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो मोजायचा. कृष्णविवरांच्या टकरीची खबर घ्यायची आणि त्यासाठी आधी पायाखालच्या दगडाची बारीकसारीक थरथर ओळखून बाजूला काढायची. 2024 च्या मार्च आणि जुलैत याच हिंगोली परिसरात साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. मराठवाड्याला भूकंप नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि दख्खनचं पठार स्थिर आहे हा समज त्या पहाटे मोडला. नंतर किल्लारीला विंधन घेतलं तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच बेसाल्ट संपला. त्याच्या खाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे. भूकंपाचं मूळ या खालच्या खडकात आहे, आणि त्याबद्दल आपल्याला अजून फार थोडं कळलं आहे.

लोणारला जायचं तर हिवाळ्यात जा, गवत वाळलेलं असतं आणि थर नीट दिसतात. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र आणि वही घ्या. हातोडा घरी ठेवा. विवर अभयारण्यात आहे, तिथला दगड फोडायचा किंवा उचलायचा नाही. लाव्हाचे नमुने गोळा करायचे तर मालकाला विचारून एखाद्या नव्या विहिरीच्या ढिगातून घ्या, आणि प्रत्येक नमुन्यावर तो किती खोलीवरून आला ते तिथल्या तिथे लिहून ठेवा.